काउलच्या आत मफलर मावेल का?

पेट्रोलवर उडणारं मोठं मॉडेल विमान बांधायला घेतलं की माणूस आधी इंजिन ठरवतो, मग प्रॉप (पुढचा पंखा), मग सर्व्हो, रेडिओ, बॅटऱ्या. मफलरची, म्हणजे इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याची, आठवण होते ती काउल (इंजिनावरचं टोपण) बसवायच्या दिवशी. तोवर फायरवॉल (इंजिन बसतं ती फळी) चिकटलेली असते, विमानाचं पोट झाकलेलं असतं, आणि मग काउलला भोकं पाडायला ड्रेमेल (हातातलं छोटं ग्राइंडर) बाहेर निघतं. दोन काउलची मीही अशीच वाट लावली आहे. म्हणून आता कुणी विचारलं, "माझ्या ५५ सीसीला कोणता मफलर घेऊ?" की मी इंजिनाची कंपनी विचारतच नाही. विमान कोणतं, काउलच्या आत जागा किती, पोटात मफलरसाठी बोगदा आहे का आणि उडवणार कुठे, एवढंच विचारतो. मफलर निम्म्याहून अधिक त्यातच ठरतो.

आधी एक घोळ मिटवू. या छंदाच्या सामानावर 'गॅस इंजिन' असं लिहिलेलं असतं. तो गॅस म्हणजे अमेरिकन बोलीतलं पेट्रोल, सिलिंडरमधला नव्हे. यात ठरावीक प्रमाणात ऑइल मिसळलेलं पेट्रोल चालतं, ठिणगीला स्पार्क प्लग असतो आणि बहुतेक इंजिनं टू-स्ट्रोक असतात. लहान विमानांची जुनी ग्लो इंजिनं मेथॅनॉलवर चालतात, त्यांच्या मफलरला एक बारीक निपल असते. एग्झॉस्टचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचा, दाब त्या निपलमधून नळीने टाकीत जातो आणि इंधन पुढे ढकलतो. पेट्रोल इंजिनाला याची गरज नसते, कारण त्याच्या कार्बोरेटरमध्येच पडद्याचा छोटा पंप असतो आणि तो क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. गवत कापायच्या मशीनवर जो वॉलब्रो कार्ब दिसतो, तीच जात. झेनोआसारख्या कंपन्यांची मॉडेल इंजिनं त्या अवजारांच्या घराण्यातूनच आली आहेत. तेव्हा पेट्रोल इंजिनाच्या मफलरला टाकीची निपल नाही म्हणून घाबरू नका, आणि ग्लोचा पडून असलेला मफलर पेट्रोल इंजिनाला जुगाड करून लावायच्या भानगडीत पडू नका.

आता आवाज होतो कसा ते बघू. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला एक स्फोट. ७००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७००० फेऱ्यांना, सेकंदाला साधारण ११७ स्फोट झाले. पिस्टन खाली सरकून एग्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधलं वायू बाहेर जायचं भोक) उघडतो, तेव्हा आतला वायू अजून चांगलाच दाबाखाली असतो आणि तो एकदम बाहेर उडी मारतो. त्या उडीचा आवाज म्हणजे 'फट्'. आपल्या आजोबांनी मोटरसायकलला फटफटी म्हटलं ते उगाच नव्हे. मफलरचं काम एवढंच की त्या वायूला आधी एका मोठ्या खोलीत सोडायचं, तिथे त्याला पसरू द्यायचं, थोडा गार होऊ द्यायचं आणि मग बारीक दारातून सावकाश बाहेर काढायचं. खोली जितकी मोठी तितका दाबाचा चढउतार कमी. ढोबळ हिशेब असा की मफलरचं आतलं आकारमान इंजिनाच्या सीसीच्या निदान दहापट असावं. ५५ सीसीला साडेपाचशे मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून थोडं जास्तच.

इंजिनासोबत फुकट येणारी मफलरची डबी एवढी कुठे असते? मी एकदा मोजून पाहिलं. एक तोंड कणकेच्या गोळ्याने बुजवलं, दुसऱ्यातून पाणी भरलं आणि ते मापात ओतलं. दोनशे मिलीच्या आतबाहेर भरलं. हे झाल्यावर ती डबी इतकी का भुंकते ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

यावर लोक एक सोपा उपाय काढतात. खोली मोठी करता येत नाही ना, मग दार बारीक करा. बाहेरच्या नळीत वॉशर अडकवायचा किंवा नळी चेपायची. आवाज कमी होतो, खरं आहे. पण टू-स्ट्रोकमध्ये जळका वायू बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करत असतं. बाहेरचं दार चोंदलं की जळका वायू आतच रेंगाळतो, ताज्याला जागा मिळत नाही, ताकद पडते आणि सिलिंडर तापत जातो. याच्या उलट काहीजण डबीला जादा भोक पाडतात, 'श्वास मोकळा' करायला. त्याने थोडे आरपीएम वाढतील, पण त्या मैदानावर पुन्हा उडवायला मिळेल का, हा प्रश्न उरतो.

बाजारात मिळणारे प्रकार तसे मोजकेच. साधी डबी थेट पोर्टवर दोन बोल्टांनी बसते. हलकी, स्वस्त, आणि काउलच्या बाहेर एखाद्या गाठीसारखी आलेली. ट्रेनर विमानाला, किंवा पायपर कबसारख्या जुन्या धाटणीच्या विमानाला, ज्याचा सिलिंडर तसाही बाहेर डोकावतो, ती चालून जाते. इंजिनाला वळसा घालून मागे जाणारा रॅपअराउंडही मिळतो. काउल लांबट असेल तर बरा.

बहुतेकांची गाडी येऊन थांबते ती पिट्स धाटणीच्या मफलरवर. हे नाव कर्टिस पिट्सच्या त्या चिमुकल्या दुपंखी विमानावरून आलं. पिट्स स्पेशल १९४४ साली पहिल्यांदा उडालं आणि त्याच्या काउलखालून एग्झॉस्टच्या नळ्या बाहेर येत. मॉडेलचा पिट्स मफलर तसाच: डबी इंजिनाला लपेटून काउलच्या आत लपते आणि दोन नळ्या पोटाखालून बाहेर डोकावतात. दिसायला देखणा, आवाज साध्या डबीपेक्षा जरासा बरा. गोम अशी की तो तापलेला डबा काउलच्या आतच, सिलिंडरला चिकटून बसतो. गार हवेसाठी ठेवलेल्या वाटेत आपणच शेगडी मांडलेली असते.

शिवाय तो नाकातलं वजन वाढवतो. समजा मफलर दीडशे ग्रॅमचा आहे आणि विमानाच्या तोलबिंदूच्या (जिथे धरलं की विमान सपाट तोलतं) ३० सेंटिमीटर पुढे बसला. शेपूट तोलबिंदूपासून ९० सेंटिमीटर मागे असेल तर तोल साधायला शेपटीत ५० ग्रॅम शिसं भरावं लागेल. बॅटरी मागे सरकवायला जागा असेल तर शिशाशिवाय भागतं, पण शेपटीकडे नेमकी तेवढी जागा कधीच नसते.

कॅनिस्टर मला सगळ्यात आवडतो. हा लांबट डबा विमानाच्या पोटातल्या बोगद्यात आडवा झोपतो आणि पोर्टपासून त्याच्यापर्यंत एक वाकडी नळी येते, तिला हेडर म्हणतात. आतमध्ये भोकाभोकांची नळी आणि पडदे असतात. आकारमान भरपूर, म्हणून आवाज जाड आणि दबका होतो. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, आपलंच इंजिन आहे का हे? पिट्सपेक्षा वजन जास्त, पण ते तोलबिंदूच्या जवळपास पडतं, म्हणून वरचा शिशाचा हिशेब मांडावाच लागत नाही. टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) लावून पाहिलं तर माझ्या इंजिनाला साध्या डबीपेक्षा शे-दीडशे आरपीएम जास्तच मिळाले.

मात्र तो नंतर सुचून लावायची वस्तू नव्हे. विमानाच्या आराखड्यातच बोगदा हवा. फॉर्मरना (धडातल्या आडव्या लाकडी चौकटींना) गोल खाच, पोटाला निघणारं झाकण, पुढून हवा आत यायला वाट आणि मागे ती बाहेर जायला त्याहून मोठी वाट. हेडर घेताना दोन मापं लागतात. एक, तुमच्या इंजिनाच्या पोर्टवरच्या दोन बोल्टांमधलं अंतर, कारण ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. दुसरं म्हणजे ड्रॉप: पोर्टच्या मध्यापासून कॅनिस्टरच्या मध्यापर्यंत नळी किती खाली उतरली पाहिजे ते. इथे पाच मिलिमीटर चुकले की हेडर काउलला घासतं किंवा कॅनिस्टर झाकणाला टेकतो. पट्टी लावून मोजा, विक्रेत्याच्या 'बसेल हो' वर जाऊ नका. मी गेलो होतो.

हेडर आणि कॅनिस्टर यांचा सांधा टेफ्लॉनच्या नळीने जोडतात, दोन्ही बाजूंना क्लॅम्प. आत धातूची दोन टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत, दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवायची. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना अक्षरशः झटका देतं. फट नसेल तर तो सगळा झटका हेडरच्या वेल्डिंगवर येतो आणि तिथेच केसासारखी चीर पडते. कॅनिस्टरचं मागचं टोकही घट्ट आवळायचं नाही, सिलिकॉनच्या कडीत झुलतं ठेवायचं. टेफ्लॉनची सहनशक्ती २६० अंशांच्या आसपास संपते. म्हणून त्या सांध्याला वारा मिळालाच पाहिजे, आणि तो काळपट किंवा मऊ दिसला तर बदलायचा. जळलेल्या टेफ्लॉनचा धूर विषारी असतो, त्याचा वास घेऊन खात्री करायला जाऊ नये.

बोगद्यातून हवा नीट खेळते की नाही हे कळायला उपकरण लागत नाही. पहिल्या पाच-सहा उड्डाणांनंतर पोटाचं झाकण काढा आणि कॅनिस्टरवरच्या बाल्साकडे (विमानाच्या हलक्या लाकडाकडे) बघा. माझ्या एका विमानात मधल्या फॉर्मरची खाच भाजलेल्या पापडाच्या कडेसारखी तपकिरी झाली होती. बोट लावलं तर भुगा झाला. पुढून हवा आत येत होती, मागे मात्र मी हौसेने छोटी, देखणी जाळी ठेवली होती. तापलेली हवा फुगते, तिला आलेल्या वाटेपेक्षा मोठी वाट लागते. बाहेरची वाट आतल्या वाटेच्या दुप्पट ते तिप्पट ठेवायची, हा काउललाही लागू असलेला नियम मी तेव्हा शिकलो. ती जाळी अजून माझ्या डब्यात पडून आहे.

ट्यून्ड पाइपचं, म्हणजे दाबाच्या लहरींच्या जोरावर ताकद वाढवणाऱ्या एग्झॉस्ट पाइपचं, आकर्षण सगळ्यांनाच असतं, आणि त्याची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड मोटरसायकलच्या रेसिंग विभागात वॉल्टर काडेन याने टू-स्ट्रोकच्या एग्झॉस्ट लहरींचं तंत्र घासूनपुसून तयार केलं. १९६१ साली त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेत आला आणि ते ज्ञान सुझुकीकडे पोचलं. तिथून ते जगभरच्या टू-स्ट्रोक गाड्यांत पसरलं. आरएक्स १०० ची ती फुगीर पुंगळी त्याच कुळातली.

तंत्र असं. पोर्ट उघडला की दाबाची लहर पाइपात पळत सुटते. पाइप रुंद होत जातो तिथून उलट ओढ परत येते आणि सिलिंडरमधला जळका वायू खेचून घेते. या ओढीत थोडं ताजं मिश्रणही पोर्टमधून बाहेर सांडतं. मग पाइप निमुळता होतो तिथे लहर आपटून मागे फिरते आणि पोर्ट मिटायच्या ऐन क्षणी ते सांडलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते. सगळा खेळ वेळेचा. लहर लवकर आली तरी बिनकामाची, उशिरा आली तरी बिनकामाची.

वेळ जुळवायला लांबी किती लागते? ७००० आरपीएमला एका फेरीला साधारण ८.६ मिलिसेकंद लागतात. पोर्ट ३६० पैकी १६० अंश उघडा राहतो असं धरू. म्हणजे लहरीच्या हातात ३.८ मिलिसेकंद. तापलेल्या एग्झॉस्टमध्ये लहरीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला तर तेवढ्या वेळात ती १.९ मीटर जाते. जाऊन परत यायचं आहे, म्हणून निम्मं: ९५ सेंटिमीटर. पोर्टपासून मागच्या निमुळत्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर! ५५ सीसीच्या विमानाचं सगळं धड दोन-सव्वादोन मीटरचं. त्यात अर्धं धड पाइपाला द्यायचं आणि फायदा मिळवायचा ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यात, तेही थ्रॉटल सतत वरखाली करणाऱ्या कसरतीच्या उड्डाणात. शर्यतीच्या विमानाला पाइप शोभतो. रविवारी सकाळी लूप आणि रोल मारणाऱ्याला कॅनिस्टर भरपूर झाला.

आता 'उडवणार कुठे' हा प्रश्न. ब्रिटनमध्ये १९८२ च्या आचारसंहितेने मॉडेल विमानाला ७ मीटरवर ८२ डेसिबल अशी मर्यादा सुचवली. आपल्याकडे मॉडेलसाठी असा वेगळा आकडा माझ्या पाहण्यात नाही, पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल हा निकष आहे. दोन्ही जोडून बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ७ मीटरवर ८२ असलेलं विमान ५५ वर यायला दीडशे-एकशे साठ मीटर अंतर लागतं. तेच विमान उघड्या डबीने ९४ वर गेलं तर चौपट, म्हणजे सहाशे मीटरच्या पुढे. वारा, झाडं, डोंगराची कड यांनी हा हिशेब वरखाली होतो, पण मैदान आणि वाडीमधलं अंतर किती हे आधी नकाशावर मोजून घ्या. मफलरवर किती पैसे घालायचे ते त्यावरून कळतं.

फोनवरच्या डेसिबलच्या अ‍ॅपवर मात्र फार विसंबू नका. मीटरची नेहमीची 'ए' पद्धत खर्जातला आवाज बराच कमी धरते, आणि एग्झॉस्टचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खर्जातच असतो. आकडा छान दिसतो आणि पलीकडच्या शेतातल्या मावशींच्या पत्र्याच्या छपरावर घुमायचं ते घुमतंच. एकाच फोनने, एकाच जागी, आधी आणि नंतर मोजलं तर फरक कळतो, तेवढ्यापुरतं अ‍ॅप उपयोगी.

आणि कॅनिस्टर लावूनही विमान किंचाळत असेल तर तो आवाज मफलरचा नसतोच. २२ इंची प्रॉप ७००० आरपीएमला फिरतो तेव्हा त्याचं टोक सेकंदाला २०५ मीटरने धावतं. ध्वनीच्या वेगाच्या सहा-दशांश! झपाट्याने उडताना आरपीएम अजून चढतात आणि टोकाची ती फाडल्यासारखी कर्कश ओरड सुरू होते. इथे मफलरवर हजारो रुपये घालवून उपयोग नाही. पिच (पात्यांचा तिरकेपणा) थोडी वाढवा म्हणजे आरपीएम उतरतील, किंवा तीन पात्यांचा, कमी व्यासाचा प्रॉप लावून बघा. माझ्या मते आधी प्रॉप बदलावा, कारण तो स्वस्त पडतो. तिसरा वाटेकरी विमानाचं धड. बाल्साचं पोकळ धड म्हणजे ढोलकीच, आणि इंजिन तिच्या पानावर सेकंदाला शंभरच्या वर थापा मारत असतं.

मफलर बदलला की कार्बची सेटिंग जुनी राहत नाही. नीडल म्हणजे कार्बवरचे इंधन कमीजास्त करायचे स्क्रू: लो नीडल आधी, हाय नीडल नंतर. फुल थ्रॉटलला कमाल आरपीएम मिळाले की नीडल जरा उघडून शंभर-दोनशे उतरवायचे, म्हणजे हवेत गेल्यावर इंजिन कोरडं पडत नाही. दोन टाक्या उडवल्यावर प्लग काढून बघा: फिकट चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरट असेल तर इंधन कमी पडतंय.

बोल्टांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. माझा पिट्स मफलर एकदा हवेत सैल झाला. आवाज अचानक फाटका झाला, मला वाटलं प्लगची कॅप निघाली. उतरवून काउल काढलं तर दोनपैकी एक बोल्ट गायब, दुसरा बोटाने फिरत होता, आणि सिलिंडरच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे भुगा होऊन बाहेर आलेले. लेथवाल्याकडे आटे पुन्हा पाडून घ्यावे लागले. बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं नेहमीचं निळं लॉकटाइट त्या तापात टिकत नाही, जास्त तापमानाचं वेगळं मिळतं ते घ्या. पॅकिंग धातूचं असू द्या, कागदी पॅकिंग जळून पातळ होतं आणि बोल्ट आपोआप सैल पडतात. पहिली टाकी संपली, इंजिन गार झालं की अ‍ॅलन की घेऊन पुन्हा आवळायचं. पॅकिंगच्या कडेने काळी, तेलकट रेघ उतरलेली दिसली तर तिथून वायू गळतोय असं समजायचं, दुसरा पुरावा शोधत बसायचं नाही.

नळ्यांची तोंडं कुठे येतात तेही काउल कापण्याआधी बघून घ्या. ऑइलचा फवारा पोटावर आणि चाकांच्या टोप्यांवर बसतो. टोकाला सिलिकॉनचा छोटा तुकडा चढवून तो खाली वळवता येतो. एप्रिल-मे महिन्यात पठारावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं आणि पिट्सच्या नळ्या नेमक्या त्यातच घुसतात. आम्ही गाडीत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवतो. उतरल्यावर इंजिन बंद केलं की विमानाचं नाक पाच मिनिटं त्या फरशीवर.